दुखणं, मॉर्फिन आणि घरची शुश्रूषा: सांगली जिल्ह्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ भागात घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं दुखणं कमी करण्याचं काम करते. कॅन्सरचे पेशंट जास्त असतात. किडनी निकामी झालेले, हार्ट फेल्युअरचे, पॅरालिसिसने पडून असलेलेही असतात. पेशंटसमोर घरचे फारसं विचारत नाहीत. मी बाहेर येऊन चपला घालायला लागले की मागून कुणीतरी येतं, दार अर्धं ओढून घेतं आणि मग खरा प्रश्न निघतो. उंबऱ्याबाहेरचे ते प्रश्न इथे लिहिले आहेत. औषध किती द्यायचं हे प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आजारच एवढा मोठा आहे, मग दुखणारच की. सहन करण्याशिवाय दुसरं काय?

आजार बरा होणं वेगळं आणि दुखणं थांबणं वेगळं. आजार बरा होणार नसला तरी दुखणं बहुतेक वेळा आटोक्यात येतं, तेही तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्यांनी. कॅन्सरच्या पेशंटांपैकी बहुतेकांना असा आराम देता येतो.

माझ्या आत्याला एका मोठ्या दवाखान्यातून "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या" असं सांगून पाठवलं होतं. त्यानंतर ती चार महिने जगली. रात्री आवाज बाहेर जाऊ नये म्हणून उशीचा कोपरा दातात धरायची. त्या चार महिन्यांत मॉर्फिनचं, म्हणजे जास्त दुखण्यावरच्या औषधाचं, नाव तिला कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, मलाही ते माहीत नव्हतं. म्हणून "करण्यासारखं काही नाही" असं तुम्हाला कुणी म्हणालं, तर उलट विचारा: "ठीक आहे डॉक्टर, पण दुखण्यासाठी काय देताय?"

आमचे आण्णा दुखत नाही म्हणतात. मग गोळी कशाला द्यायची?

आपल्याकडची मोठी माणसं दुखतंय असं सहसा म्हणत नाहीत. पोरांना खर्च नको, सुनेला त्रास नको, आणि दुखतंय म्हटलं की आजार वाढला असं ठरेल ही भीती. तासगाव तालुक्यात एक द्राक्षबागायतदार आजोबा होते, मणक्यात गाठ उतरलेली. मुलं खोलीत असली की चेहरा शांत. "काय न्हाई ओ सिस्टर, बरं हाय." माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. डाव्या हाताची बोटं बाजेच्या सुंभात रुतली होती आणि सुंभाचे वळ तळहातावर उठले होते. मुलांना चहा आणायला पाठवलं आणि परत विचारलं, तेव्हा म्हणाले, "रात्री कड बदलायची म्हटलं की जीव जातोय."

म्हणून तोंडाकडे बघू नका, अंगाकडे बघा. कड बदलताना श्वास रोखतात का? कपाळावर आठ्या कायम आहेत का? जेवण कमी झालंय का, कुणाशी बोलेनासे झालेत का, नातवंडांवर उगाच खेकसतात का? झोप किती वेळा मोडते? बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं तर असंच ओळखावं लागतं.

आणि मोजायला सांगा. एक ते दहामध्ये किती असं विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात. मी विचारते, "रुपयात सांगा, किती आणे दुखतंय?" चार आणे, आठ आणे, बारा आणे हे हिशेब त्यांच्या पिढीला पाठ आहेत. काल बारा आणे होतं आणि आज सहा आणे आहे, हे कळलं तरी डॉक्टरांना औषध ठरवायला पुष्कळ होतं.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

"लय दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. आपल्या भाषेत दुखण्याला कितीतरी शब्द आहेत, ते वापरा. ठणका लागतो, ठुसठुसतं, कळ येते आणि जाते, सणक मारते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, कुणी चावल्यासारखं वाटतं, ओढल्यासारखं वाटतं. या शब्दांवरून औषध बदलतं. आग, मुंग्या, करंट बसल्यासारखी चमक असेल तर ते नसेचं दुखणं असतं. त्यावर नुसती पेनकिलर पुरत नाही, ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी औषधं जोडावी लागतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरचा ठणका असेल तर त्या जागेवर रेडिएशन दिल्याने बराच उतार पडतो, आणि पुष्कळदा एकच शेक पुरतो. पोटात येऊन-जाऊन कळा असतील तर उपाय आणखी वेगळा. कॅन्सरच्या पेशंटच्या पाठीत नवीन दुखणं सुरू झालं आणि पायांतली ताकद कमी वाटू लागली किंवा लघवी अडली, तर मात्र एक दिवसही घरी थांबू नका. मणक्यातली नस दबत असते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

औषध पायरीपायरीने देतात म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या. थोड्या दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा सुजेवरची औषधं. मध्यम दुखण्याला ट्रॅमाडॉल, कोडीन. जास्त असेल तर मॉर्फिन. आधीच बारा आणे दुखत असेल तर खालच्या पायरीवर पंधरा दिवस घालवायचं कारण नाही, डॉक्टर थेट मॉर्फिन सुरू करू शकतात. पॅरासिटामॉल साधं वाटतं म्हणून ते मनाने वाढवू नका. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. फार वाळलेल्या किंवा लिव्हर खराब असलेल्या पेशंटला त्याहूनही कमी.

गोळीपेक्षा सुई मारली तर लवकर बरं वाटतं ना?

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. गावातल्या डॉक्टरांना बोलावून रोज एक डायक्लोफिनॅकची सुई, असं महिनाभर चाललेलं मी बघितलं आहे. त्या सुईने चार-सहा तास बरं वाटतं, पण रोज घेतली की जठराला जखमा होतात, रक्त जातं, किडनी बसते. किडनी आधीच कमजोर असेल तर ती सुई हवीच कशाला? आणि वाळलेल्या अंगात रोज सुई खुपसणं हेसुद्धा एक दुखणंच आहे. गिळता येतंय तोवर तोंडाने गोळी. ती पोटात जाऊन तेवढंच काम करते, आणि रात्री दोन वाजता द्यायला डॉक्टरला उठवावं लागत नाही.

मॉर्फिन लिहून दिलं म्हणजे शेवट आला का?

नाही. दुखणं किती आहे यावर मॉर्फिन ठरतं, दिवस किती उरलेत यावर नाही. मॉर्फिनवर कित्येक महिने, कधी वर्षंही काढणारी माणसं आहेत. कवठेमहांकाळकडच्या एका बाई मॉर्फिन घेऊन पुन्हा ओट्यावर बसून भाकरी थापायला लागल्या. दुखत होतं म्हणून त्या पडून होत्या, आजारामुळे नव्हे. योग्य प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. झोप लागते, चार घास जातात, माणूस बोलायला लागतो.

ही भीती कुठून येते तेही कळतं. पूर्वी अगदी शेवटच्या दोन दिवसांत मॉर्फिन द्यायचे, आणि मग माणूस गेला की लोक म्हणायचे, त्या औषधानेच गेला. उशीर औषध द्यायला झाला होता, दोष औषधाच्या माथी आला.

पण ती अफूची गोळी आहे. सवय लागली तर?

अफूपासून बनतं हे खरं. दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर ते एकदम बंद केलं तर घाम येतो, जुलाब होतात, चैन पडत नाही. शरीराला त्याची ओळख झालेली असते, म्हणून बंद करताना हळूहळू कमी करतात. दुखणंच कमी झालं, रेडिएशनने उतार पडला, तर गोळी अशीच उतरवत बंदही करता येते. याला व्यसन म्हणत नाहीत. नशेसाठी धडपडणं हे व्यसन, आणि आजाराच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या पेशंटमध्ये ते क्वचितच दिसतं. घरात आधीपासून कुणाला दारूचं किंवा इतर व्यसन असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, आणि गोळ्या कुलपात ठेवा.

"आत्ताच मॉर्फिन दिलं तर पुढे जास्त दुखेल तेव्हा काय देणार?" असंही विचारतात. मॉर्फिनला वरची ठरलेली मर्यादा नाही. दुखणं वाढलं तर प्रमाण वाढवता येतं. पुढच्यासाठी राखून ठेवायची ती वस्तू नाही.

दुखेल तेव्हाच गोळी दिली तर नाही चालत?

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुमारे ४ तास टिकतो. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची म्हणजे पेशंट आधी कण्हणार, मग तुम्ही डबा शोधणार, मग गोळी पोटात जाऊन काम सुरू व्हायला अर्धा-पाऊण तास. तोवर दुखणं डोक्यावर चढून बसलेलं असतं आणि त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. घड्याळाप्रमाणे दिलं तर ते वर चढतच नाही.

सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा आम्ही बहुतेकांना बांधून देतो. रात्री १० ला डॉक्टर बहुधा दुप्पट देतात, म्हणजे २ वाजता कुणाला उठायला नको. दुपारी २ ला पेशंट मस्त बसलाय, हसतोय, म्हणून ती गोळी गाळू नका. तो हसतोय तो १० च्या गोळीमुळे.

एक वही करा. मिरज तालुक्यातल्या एका सुनेने नातवाची शाळेची जुनी वही घेतली होती, वर त्याच्या नावाचं लेबल तसंच. प्रत्येक पानावर तारीख, खाली वेळांचे रकाने, गोळी दिली की बरोबरची खूण, पुढे आणे. मधेच कळ आली तर लाल पेनने. पोट साफ झालं की 'सा'. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रात्री १० ची खूण त्या स्वतःच्या हाताने करायच्या. मी गेले की आधी वही पुढे यायची, मग पाण्याचा तांब्या. ती दोन पानं बघून डॉक्टर फोनवरूनच प्रमाण ठरवायचे.

वेळेच्या मधेच कळ आली तर?

त्यासाठी वरकड डोस ठरवून घ्या. साधारणपणे तो ४ तासांच्या एका डोसएवढा असतो. तो दिला म्हणून पुढची वेळेवरची गोळी चुकवायची नाही. वरकड डोस दिवसातून तीन-चारदा लागायला लागला तर नेहमीचं प्रमाण कमी पडतंय, डॉक्टरांना कळवा. अंघोळ, ड्रेसिंग, गाडीने दवाखान्यात नेणं, यात दुखणार हे माहीत असतं. अर्धा तास आधी वरकड डोस द्या.

मॉर्फिनने काय त्रास होतो?

पोट कडक होतं. हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. मळमळ-गुंगी काही दिवसांनी कमी होते, हे तसं कमी होत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू झालं पाहिजे: बिसाकोडिल, सोनामुखीची गोळी किंवा लॅक्ट्युलोज, डॉक्टर देतील ते. इसबगोल मात्र नको, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात तो गोळा होऊन बसतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर फोन करा. बद्धकोष्ठाला कंटाळून मॉर्फिनच सोडून दिलेले पेशंट मी पाहिले आहेत.

मळमळ पहिले काही दिवस होते, त्यावर गोळी मिळते. गुंगीही पहिले तीन-चार दिवस असते. कित्येक रात्री जागलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपणारच, घाबरू नका. पण हाक मारून उठत नसतील, श्वास फार मंद झाला असेल, बडबड किंवा अंगाला झटके सुरू झाले असतील, लघवी फार कमी झाली असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. किडनी काम करेनाशी झाली की मॉर्फिन अंगात साठत जातं. अशा पेशंटला प्रमाण कमी करतात किंवा दुसरं औषध देतात.

काही गोळ्या १२ तास चालणाऱ्या असतात. त्या कुटायच्या किंवा फोडायच्या नाहीत, सगळं औषध एकदम सुटतं. नाकातल्या नळीतून द्यायचं असेल तर साधी गोळी मागून घ्या.

ती छातीवर चिकटवायची पट्टी चांगली का?

फेंटानिलची पट्टी. गिळता येत नसेल, तोंडाचा कॅन्सर असेल तर उपयोगी. एक पट्टी ७२ तास चालते. पहिल्यांदा लावली की पूर्ण असर यायला १२ तास किंवा जास्तही लागतात, तोवर आधीचं औषध कसं चालू ठेवायचं ते विचारून घ्या. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी, शेक अजिबात नको, आणि एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडीकडच्या उन्हात अंगणात बाज टाकून पडणंही नको. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात उतरतं. अंगात ताप असेल तरी तसंच होतं, कळवा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी करून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, तिच्यात औषध शिल्लक असतं.

मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही. मग कुठून आणायचं?

गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणंच इतकं अवघड झालं होतं की पुष्कळ दवाखान्यांनी नाद सोडला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवून, मान्यता मिळालेल्या संस्थांना ती ठेवायची वाट मोकळी करून दिली. तेव्हा कॅन्सरवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात आणि सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत थेट असं विचारा: "इथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का? नसतील तर कुठे पाठवता?" जाताना डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार कार्ड, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. पुढच्या वेळी पेशंटला न आणता नातेवाइकाला गोळ्या मिळतील का, तेही पहिल्याच दिवशी विचारा. शिराळ्याहून किंवा जतहून दुखणाऱ्या माणसाला एसटीने परत परत आणणं हा छळ आहे.

आणि पूर येण्याआधी साठा बघा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगली शहरात शिरली, २०२१ च्या जुलैत पुन्हा. नदीकाठी राहत असाल तर जुलै लागताच डॉक्टरांशी बोलून काही दिवसांच्या जादा गोळ्या मागून घ्या, आणि कागदपत्रांसह झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. घर सोडताना तो डबा आधी उचला.

हळद, काढा चालेल का?

हळदीचं गाव आपलं, हा प्रश्न येणारच. दुधातली, जेवणातली हळद खुशाल द्या. उघड्या जखमेत भरू नका. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, भस्मं आणि पुड्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

जखमेला वास येतो. पाहुणे येईनात, आक्का स्वतःच खोलीचं दार लावून घेते.

वासाचं दुखणं जखमेहून मोठं असतं. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकली की वास बऱ्याच प्रमाणात कमी होतो. नर्सकडून पद्धत शिकून घ्या. पट्टी ओढून काढू नका, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने आधी भिजवा. पुष्कळदा आठवड्याभरात दार उघडं राहायला लागतं.

दिवसा बरे असतात, रात्रीच का दुखतं?

रात्री घर शांत होतं आणि काळजी जागी होते. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारी जागा, सुरू केलं. त्या म्हणायच्या की दुखणं नुसतं शरीराचं नसतं, त्यात मन, पैसा, नाती, देव सगळं मिसळलेलं असतं. एका तात्यांचं दुखणं कशानेच उतरेना. शेवटी कळलं की सोसायटीचं कर्ज थोरल्याला ठाऊकच नव्हतं. बाप-लेक एक संध्याकाळ बोलले. त्या आठवड्यात वरकड डोस पाचावरून एकावर आला.

आजाराचं नाव लपवू नका असं मी सांगते. पेशंटला ते बहुतेक वेळा कळलेलं असतं, आणि घरातले सगळे नाटक करताहेत हेही कळलेलं असतं. ते विचारतील तेवढंच सांगा, पण खोटं सांगू नका. संध्याकाळी हरिपाठ म्हणायची सवय असेल तर खाटेजवळ बसून म्हणा.

धाप लागते तेव्हा?

डोकं उंच करा, खिडकी उघडा, तोंडावर पंख्याचा झोत येऊ द्या. मॉर्फिनच्या छोट्या डोसने धापेची घालमेलही कमी होते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

शेवटच्या दिवसांत गिळेनासे होतात. मग औषध थांबवायचं का?

थांबवू नका. बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. त्वचेखाली बारीक सुई ठेवून तीच औषधं देता येतात, घरच्या माणसाला ते शिकवताही येतं. घशातली घरघर ऐकून घरचे हादरतात. पेशंटला तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. कुशीवर वळवलं की ती कमी होते, औषधही आहे. जबरदस्तीने पाणी, दूध पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. गंगाजल द्यायचं असेल तर तुळशीच्या पानाने ओठ ओले करा, तेवढं पुरतं.

ते गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

जिथून आणल्या तिथे परत द्या. कचऱ्यात टाकू नका, शेजारच्या पेशंटला देऊ नका, कितीही दया आली तरी. त्याचं प्रमाण वेगळं असतं.

ती वहीवाली सून तेराव्यानंतर आली होती. पाकिटं टेबलावर मांडली, मी गोळ्या मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिलं, तिची सही घेतली. वही पाकिटांबरोबरच पिशवीत होती. ती तिने परत मागून घेतली. शेवटच्या पानावर दुपारी २ समोर बरोबरची खूण होती, पुढे 'एक आणा'. ६ चा रकाना मोकळा होता.